पूलच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणजे ते स्वच्छ असतं का?

सईचीआई
मुलगी सात वर्षांची. तिला सुट्टीच्या बॅचला घातलंय, घराजवळच्याच एका पूलमध्ये (नाव मुद्दाम देत नाही, भांडणं नकोत). पाणी दिसायला निळंशार. पण गेटातून आत शिरलं की क्लोरीनचा असा भपकारा येतो की नाक चुरचुरतं, आणि पोरगी बाहेर येते ती लालभडक डोळे घेऊन.

बाकावर बसणाऱ्या आम्हा आयांमध्ये दोन तट आहेत. एकीचं म्हणणं, वास येतोय म्हणजे औषध नीट घालतात, वास नसेल तर घाबरायचं. दुसरी म्हणते, हे लोक सिझनभर पाणी बदलतच नाहीत, म्हणून ते वास मारतं. कोचना विचारलं तर "मॅडम, एकदम फिल्टर पाणी आहे, पिऊ शकता" असं उत्तर मिळालं. मी काही प्यायले नाही.

तर ज्याला रसायनशास्त्र दहावीनंतर भेटलेलं नाही अशा माणसाने पूलचं पाणी कसं पारखायचं? काय बघायचं, कोणाला काय विचारायचं?

चकली
मगरीचं पिल्लू वगैरे दिसलं नाही ना? मग निर्धास्त राहा.

शिवाजीपार्ककर
चकली, २०२३ च्या ऑक्टोबरात दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावात सापडलेल्या त्या पिल्लाबद्दल एक शब्द वावगा ऐकून घेणार नाही. बऱ्याच सभासदांपेक्षा ते बरं होतं. निदान डोक्याला तेल थापून उतरलं नव्हतं.

सईचीआई, मी शाळेपासून पोहतोय, मुंबईतले बरेच तलाव पालथे घातलेत. माझी कसोटी सोपी आहे. खोल बाजूला काठावर उभं राहायचं आणि तळाची जाळी बघायची. जाळीच्या पट्ट्या वेगवेगळ्या स्पष्ट दिसल्या तर उतरायचं. नुसताच काळपट चौकोन दिसला तर टॉवेल खांद्यावर टाकून घरी. यात पाण्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे गढूळ पाण्यात कोणी तळाशी गेलं तर जीवरक्षकाला दिसणार नाही.

पाणक्या
पोटापाण्याचा धंदाच पाण्याचा आहे (सोसायट्या आणि हॉटेलांचे फिल्टर प्लांट बघतो), म्हणून जरा लांबण लावतो.

शिवाजीपार्ककरांची जाळीची कसोटी शंभर टक्के खरी, पण अर्धीच. तिने गढूळपणा कळतो, जंतू कळत नाहीत. आरशासारखं पाणीसुद्धा क्लोरीनशिवाय असू शकतं.

आता वास. पहिल्या ताईंचा समज फार लोकांचा आहे आणि तो उलटा आहे. नीट राखलेल्या पूलला वास जवळजवळ येत नाही. तुम्हाला येतो तो भपकारा क्लोरामाइन्सचा. घाम, लघवी, तेल, क्रीम यांतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडला जातो आणि हे पदार्थ तयार होतात. त्यातला ट्रायक्लोरामाइन पाण्यातून उडून पृष्ठभागावर तरंगत राहतो, म्हणजे बरोब्बर पोहणाऱ्याच्या नाकाडोळ्यांशी. डोळे लाल, खोकला, घसा खवखवणं हे त्याचं काम. बंदिस्त पूलमध्ये आणखी त्रास, कारण हवा खेळत नाही.

म्हणून क्लोरीन दोन तऱ्हांनी मोजतात. मोकळा क्लोरीन, जो अजून कामावर हजर आहे, आणि जोडलेला, जो खर्ची पडलाय. मोकळा १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवा, जोडलेला ०.४ च्या खाली. आणि गंमत अशी की वास मारणाऱ्या पूलला बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडलेला असतो. उपाय म्हणजे रात्री पूल बंद करून एकदम मोठा डोस देणं, जोडलेल्याच्या साधारण दहापट. तेव्हा ते क्लोरामाइन्स तुटतात. चमचा चमचा वाढवत गेलात तर वास वाढतो.

त्यात पीएचचा (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) पेच. पीएच ७.५ ला क्लोरीनचा जवळपास अर्धा भाग मारक रूपात असतो, ८ ला तो पाव भागाच्या आसपास उतरतो. म्हणजे क्लोरीन तेवढाच आणि ताकद निम्मी. ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवला की जंतूही मरतात आणि डोळेही चुरचुरत नाहीत.

विहीरवाला
वाचून दमलो. आम्ही कोकणात विहिरीत पोहायला शिकलो, तरंगायला कमरेला सुकड बांधून. ना क्लोरीन, ना पीएच, ना चष्मे. पाण्यात बेडूक, कडेला पिंपळाची मुळं. कोणाचे डोळे लाल झाले नाहीत. शहरातल्या पोरांना विषात बुचकळून काढायचं आणि वर फी भरायची.

नीरजा_क
विहीरवाला, तुमच्या विहिरीत एका वेळी पोरं किती असायची? आठ? दहा? आणि खालून झरा चालू. इथे सकाळी सहापासून बॅचमागून बॅच. मेमध्ये शॅलो साइडला पाण्यापेक्षा पोरं जास्त असतात.

विहीरवाला
पोरं दहा आणि म्हशी दोन. (म्हशी पोहणीला, विहिरीत नाही. हलके घ्या.)

कानातपाणी
मी कान-नाक-घसा बघणारा डॉक्टर, त्यामुळे मे महिना माझ्यासाठी सुगीचा. विहीरवाल्यांच्या आठवणी सुंदर आहेत, पण "काही झालं नाही" हे ज्यांना काही झालं नाही तेच सांगतात. केरळमध्ये २०२४ मध्ये नेग्लेरिया नावाच्या अमिबाने मुलं दगावली. तो कोमट गोड्या पाण्यात राहतो आणि नाकावाटे मेंदूत जातो. दुर्मिळ आहे, घाबरवायचं नाही, पण नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही एवढं लक्षात घ्या.

आता पूलमधल्या खऱ्या भानगडी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यानुसार १ पीपीएम मोकळ्या क्लोरीनमध्ये ई. कोलाय मिनिटभरही टिकत नाही. कावीळ अ चा विषाणू सोळा मिनिटं, जिआर्डिया पाऊण तास. आणि क्रिप्टोस्पोरिडियम? सात दिवसांच्या वर. आठवडाभर, उत्तम राखलेल्या पूलमध्ये. हा जुलाबातून पसरतो. त्यामुळे एखाद्या मुलाला पाण्यात पातळ शी झाली तर पूल रिकामा करून क्लोरीन २० पीपीएमवर पावणेतेरा तास ठेवायला सांगितलंय, तेही पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) नसेल तर. आपल्याकडे काय होतं ते मी स्वतः बघितलंय: जाळीने उचलतात, बादलीभर पावडर टाकतात, पुढची बॅच आत.

म्हणून आयांना एकच विनंती. पोट बिघडलेलं मूल "फी फुकट जाते" म्हणून पाठवू नका. थांबल्यावरही काही दिवस घरी ठेवा. क्रिप्टो निघाला असेल तर दोन आठवडे.

कानात दडा बसला तर काडी, पिन, किल्ली यांपैकी काहीही आत घालू नका. डोकं तिरकं करून पाणी काढा, बाहेरून पुसा. दुखलं तर दाखवा. गरम तेल घालू नका. हे मी दर मेमध्ये सांगतो आणि दर मेमध्ये गरम तेल घातलेले कान येतात.

चकली
डॉक्टर, लघवीचं काय? एक रंग असतो ना, कोणी केली की भोवती निळा ढग होतो? लहानपणी त्या भीतीने मी तासभर दाबून धरायचे.

पाणक्या
असा रंग नसतो. ती अफवा आहे, पण फार उपयोगी अफवा आहे, मोडू नका.

खरं मोजायचं तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१७ मध्ये डोकं लढवलं. डाएट पेयांतला एसल्फेम-के हा गोडवा शरीरात पचत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यांनी पूलच्या पाण्यात तो मोजला. सव्वाआठ लाख लिटरच्या आसपासच्या पूलमध्ये लघवी निघाली साधारण ७५ लिटर.

मिसळतिखट
पंचाहत्तर लिटर!! अख्खा ड्रम की हो. मी पॅरेलचा, माझ्या टॉवरला पूल आहे, आजपासून त्याच्याकडे फक्त गॅलरीतून बघणार.

शिवाजीपार्ककर
कॅनडातले लोक शिस्तीचे म्हणे. आपला आकडा कोणी काढू नका.

कमिटीमेंबर
सगळे पूल चालवणाऱ्यांना शिव्या घालताय, आता दुसरी बाजू ऐका. मी कांदिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पूल १५ बाय ८, सरासरी खोली १.२ मीटर.

पहिली गंमत. मागच्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पूल रिकामा केला. पालिकेच्या पाण्याने भरायचा प्रश्नच नव्हता, टँकर बोलावले. बोअरचं पाणी. भरलं तेव्हा स्वच्छ. कंत्राटदाराच्या माणसाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली आणि तासाभरात अख्खा पूल चहाच्या रंगाचा. गच्चीतून लोकांनी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, "मेंटेनन्स भरतो तो यासाठी?" पाण्यात लोह होतं, क्लोरीन लागल्यावर ते गंजून बाहेर पडलं. तुरटी, रात्रभर थांबणं, तळ ओढून काढणं यात आठवडा गेला.

दुसरी रंगपंचमी. बोर्ड लावला, वॉचमन उभा केला. तरी बी विंगची मंडळी रंगानिशी धडाधड आत. जांभळं पाणी, टाइल्सच्या फटींत गुलाबी रंग, तो आजतागायत आहे. फाइन लावला तर एजीएमला अध्यक्षांनीच माफ केला, कारण त्यांचाही मुलगा त्यात होता.

तिसरी वीज. पंप चोवीस तास चालवायचा तर बिल बघून लोक ओरडतात, म्हणून दिवसा चार तास चालवतो. पाणक्या, एवढं पुरतं का, खरं सांगा.

पाणक्या
नाही पुरत.

तुमच्या पूलचं पाणी झालं १४४ घनमीटर, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर. पंप-फिल्टर असा हवा की हे सगळं सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं. पण "एकदा गेलं" याचा अर्थ सगळं साफ झालं असा नाही, कारण साफ झालेलं पाणी परत त्याच मळक्या पाण्यात मिसळतं. पहिल्या फेरीत घाणीचा सुमारे ६३ टक्के भाग निघतो, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. चार तास पंप चालवून तुमची एक फेरीही होत नाही. आणि जेव्हा लोक पाण्यात असतात तेव्हा तरी तो चालू हवाच हवा.

धाग्यातल्या दुसऱ्या ताईंचं उत्तरही यातच आहे. पूलचं पाणी बदलत नसतात, फिरवतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोठा ५० बाय २५ चा, सरासरी २ मीटर खोल तलाव घेतला तर २५ लाख लिटर. ते महिन्याला ओतून द्यायला तानसा-भातसा आपल्या तीर्थरूपांची नाही. सँड फिल्टरचा दाब वाढला की उलटं पाणी सोडून तो धुतात (बॅकवॉश), त्यात जे जातं तेवढं नवीन पाणी भरलं जातं.

मात्र एक अपवाद. ९० टक्के क्लोरीनवाल्या गोळ्या वापरत असाल तर त्यातून सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जातं. उन्हात क्लोरीन टिकावा म्हणून थोडं चांगलं, पण फार झालं की क्लोरीन मोजणीत दिसतो आणि काम करत नाही. ते फिल्टरने निघत नाही, क्लोरीनने जळत नाही. तिथे थोडं पाणी काढून नवीन भरणं हाच इलाज. म्हणजे ताई अगदीच चुकीच्या नाहीत.

कमिटीमेंबर, हिशोब देऊन ठेवतो: तुमच्या पूलला १ पीपीएम वाढवायला १४४ ग्रॅम क्लोरीन लागतो. ३३ टक्क्यांची टीसीएल असेल तर सुमारे ४३० ग्रॅम. तुमचा माणूस मोजून टाकतो की डब्याने? आणि हात जोडून सांगतो, टीसीएल आणि त्या गोळ्या एकाच डब्यात, एकाच मापाने कधी हाताळू नका, भडका उडतो. हायपोच्या (पातळ क्लोरीनच्या) ड्रममध्ये ॲसिड गेलं तर विषारी वायू. कायम पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी नाही. पंपरूममध्ये झोपणारा पोरगा असतो ना, त्याला तिथे झोपू देऊ नका.

कमिटीमेंबर
डब्याने. श्रीखंडाच्या.
पंपरूमचं आजच बघतो.

मिसळतिखट
आमच्या बिल्डरने ब्रोशरमध्ये "सॉल्ट वॉटर पूल, नो क्लोरीन" असं छापलंय. आम्ही सुटलो का?

पाणक्या
ब्रोशरच सुटलंय. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तिथल्या तिथे क्लोरीनच तयार करतात. मीठ साधारण ३ ते ४ हजार पीपीएम, समुद्राच्या दहाव्या भागाच्या आसपास. डोस सारखा राहतो म्हणून त्रास कमी वाटतो, पण मोजायचं सगळं तेच. अतिनील दिव्याचंही तसंच: डॉक्टर म्हणाले त्या क्रिप्टोवर तो उत्तम, पण दिव्यासमोरून गेलेलंच पाणी सुधारतं. शेजारी पोहणाऱ्याकडून आलेला जंतू तिथल्या तिथे मारायला पाण्यात क्लोरीन लागतोच.

दहिसरची_मासोळी
पाणीकपातीत पूल चालू ठेवावेत का यावर कोणी बोलेल का? २०२४ च्या जूनमध्ये १० टक्के कपात होती, आमच्याकडे चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि समोरच्या टॉवरचा पूल काठोकाठ.

शिवाजीपार्ककर
मासोळी, दुखणं खरं आहे, पण भरलेला पूल बंद ठेवून पाणी वाचत नाही. उलट हिरवं होतं आणि मग ओतावं लागतं. नवीन भरू नये, हे मान्य. आणि टॉवरच्या पूलवर जेवढं बोलतो त्याच्या निम्मं तरी सार्वजनिक तलावांवर बोलू या. पालिकेच्या तलावात तीन महिन्यांची फी भरून रिक्षावाल्याचा मुलगा आणि बँकेतला अधिकारी एकाच लेनमध्ये पोहतात. ही सोय या शहरात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. तिचं पाणी चांगलं राहायला हवं ते त्यासाठी. क्लबवाले आपलं बघून घेतील.

नीरजा_क
शिवाजीपार्ककर +१

आणि पोहणाऱ्यांचंही जरा. बायकांच्या बॅचला मी रोज बघते. शॉवर म्हणजे दोन थेंब खांद्यावर उडवायचे, की झालं. खोबरेल तेलाने चपचपीत वेणी, वर टोपी. बाहेर आल्यावर मात्र वीस मिनिटं शॅम्पू. उलटं करा ना! आधी मिनिटभर नीट अंगावर पाणी घेतलं तरी घाम-मळ बराचसा निघून जातो. काठाच्या टाइल्सवर पाण्याच्या पातळीला जी चिकट काळी रेघ दिसते ती आपल्या तेला-क्रीमची आहे. घरून घालून आलेले सुती टीशर्ट, लेगिंग्ज घालूनही उतरतात. लोकल ट्रेनची सीट पुसून आलेला तो कपडा.

विहीरवाला
वेणीला तेल नको, टीशर्ट नको, लघवी नको, जुलाब नको. पोहणारा माणूसच नको म्हणा, पाणी आपोआप शुद्ध राहील.

पाणक्या
विहीरवाला, आमच्या धंद्यात हे रोज म्हणतात. रिकाम्या पूलचं पाणी राखायला काही लागत नाही. (शेवाळ सोडून. ते पावसाळ्यात येतंच, मग लोक मोरचूद टाकतात, मग पांढरे केस हिरवे होतात आणि आजोबा कमिटीवर धावून येतात.)

सईचीआई
सगळ्यांचे मनापासून आभार! चार दिवस उत्तर दिलं नाही कारण थोडं शोधकार्य चालू होतं.

इथलं वाचून ऑफिसात गेले आणि "क्लोरीन-पीएचचं रजिस्टर बघू का" असं विचारलं. आधी "ते साहेबांकडे असतं", मग "तुम्ही कुठून आलात", शेवटी मिळालं. महिन्याभराच्या सगळ्या नोंदी: क्लोरीन १.५, पीएच ७.४. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, रविवारी तेच. शाईसुद्धा एकच.

मग पाणी तपासायचं किट आणलं आणि काठावर बसून सगळ्यांसमोर स्वतः मोजलं. दोन प्रकारचे थेंब होते. पिवळा रंग येणारा चांगला गडद पिवळा आला. गुलाबी येणारा अगदी फिक्कट, ०.५ च्या खुणेलाही पोचला नाही. पीएच ८ च्या पुढे. याचा अर्थ काय? कोच म्हणतात पिवळा गडद आहे म्हणजे क्लोरीन भरपूर.

पाणक्या
ताई, तुम्ही धंद्यात या.

पिवळा (ऑर्थोटोलिडीन) एकूण क्लोरीन दाखवतो, जोडलेला धरून. गुलाबी (डीपीडी) लगेच वाचला तर मोकळा दाखवतो. पिवळा गडद आणि गुलाबी फिका म्हणजे तुमच्या पाण्यात खर्ची पडलेला क्लोरीनच जास्त आहे. वर पीएच ८ च्या पुढे, म्हणजे जो थोडा मोकळा आहे तोही अर्धवट झोपलेला. भपकारा आणि लाल डोळे दोन्हींचा उलगडा झाला. (फार जास्त क्लोरीन असेल तर गुलाबी रंग उडून पाणी पांढरं दिसतं. शंका असेल तर नमुन्यात निम्मं पिण्याचं पाणी मिसळून परत बघा. रंग वाढला तर तो प्रकार.)

रजिस्टर घरी बसून भरलंय. खरे आकडे हलतात. रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी पहाटे ते वेगळे यायलाच हवेत. त्यांना लेखी द्या: पीएच खाली आणा, एका रात्री मोठा डोस द्या, पंप बॅचभर चालू ठेवा, आकडे दारावर फळ्यावर लिहा. पूलच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. अर्जात तो क्रमांक टाका, कागद पुढे सरकतो.

कानातपाणी
तोवर सईला पोहण्याचा चष्मा लावा, आणि ते होईपर्यंत आठवडाभर नाही पाठवलं तरी चालेल. शिकणं कुठे पळून जात नाही.

सईचीआई
पाठवत नाहीये. अर्ज दिला, आमच्या बाकावरच्या अकरा आयांच्या सह्या आहेत, दोन्ही तटांच्या. काल रात्री पूल बंद ठेवून डोस दिला असं ऐकलं. परवा परत मोजणार आहे, इथे टाकते.

कमिटीमेंबर
ताई, किट कुठून घेतलं? आमच्या माणसाकडे फक्त पिवळंवालं आहे.

सईचीआई
प्रिन्सेस स्ट्रीटला, लॅबच्या सामानाच्या दुकानातून. डीपीडीच्या गोळ्या वेगळ्या मागून घ्या आणि तारीख बघा, पहिल्या दुकानदाराने मुदत संपलेल्या काढल्या होत्या.